टेन्शन घेऊ नको म्हणजे नक्की काय करू?

बसमध्ये रेंज गेली किंवा हेडफोन घरी राहिला, तर ह्या भागातलं बोलणं इथं वाचा. अडखळलेलं काढून टाकलंय, बाकी बोलले तसंच आहे.

पावसाळ्यात सांगलीच्या माणसाला "किती झालं?" विचारा. तो क्रिकेटचा स्कोअर सांगणार नाही. "सकाळी 32 होतं, आता 34" म्हणेल. फूट म्हणायची गरज नसते, कृष्णेचं नाव घ्यायचीही नसते. हा आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचा आकडा. पूल 1929 चा आहे. 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. 2005 ला पाणी 53 च्या वर गेलं होतं, 2019 ला 57 च्या वर, 2021 ला 55 च्या आसपास. आमच्याकडं हे तीन आकडे घरातल्यांच्या वाढदिवसांसारखे पाठ असतात.

आजचा विषय ताण. म्हणजे आपल्या भाषेत टेन्शन. ते शरीरात काय करतं आणि त्याचं करायचं काय. मी डॉक्टर नाही, कोड लिहिते. पण हा विषय मला आमच्या घरानं शिकवला, म्हणून घरापासूनच सांगते.

आमचं घर गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत. खाली पप्पांचं स्टेशनरीचं दुकान, वर आम्ही. ऑगस्ट 2019 मध्ये मी नुकतीच पुण्यात नोकरीला लागले होते. पाणी चढायला लागलं तेव्हा पुणे-बेंगळुरू हायवे कोल्हापूरजवळ शिरोलीला पाण्याखाली गेला आणि बंद झाला. आई-पप्पा वरच्या मजल्यावर तीन दिवस. लाईट नाही, फोन बंद. त्यातच 8 तारखेला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटल्याची बातमी आली. ब्रह्मनाळ सांगलीपासून लांब नाही. ती बातमी मी ऑफिसच्या कँटीनमध्ये फोनवर वाचली. समोर डोसा होता. पुढचे दोन दिवस मी काय खाल्लं ते मला आठवत नाही.

आई-पप्पा सुखरूप निघाले. दुकानातल्या वह्या मात्र गेल्या. भिजलेल्या वह्यांचा गठ्ठा कधी उचलून बघा. कागद फुगून एवढा घट्ट बसतो की फळीतून ओढून निघत नाही. पप्पांनी शेवटी फळ्या तोडल्या.

मग 2021 चा जुलै. ह्या वेळी वर्क फ्रॉम होममुळं मी घरीच होते. रात्री दोनला जिन्यात आवाज आला म्हणून उठले, तर पप्पा टॉर्च घेऊन खाली चाललेले. पायरीवर उभं राहून गल्लीत उजेड टाकायचा, बघायचं, वर यायचं. पुन्हा साडेतीनला तेच. मी विचारलं, "पप्पा, झोपत का नाही?" तर म्हणाले, "काय न्हाय गं, सहज बघितलं. तू झोप."

पाणी आलं, उतरलं. गाळ काढला, फिनेल मारलं. खरी गोष्ट त्यानंतरची आहे. ऑगस्ट संपत आला. नदी पार तळाला गेली होती. तरी पप्पा रात्री दोनला टॉर्च घेऊन खाली जातच होते. कोरड्या गल्लीत उजेड टाकून बघायचे.

पूर ओसरल्यावर लेप्टोच्या गोळ्या वाटायला आरोग्य खात्याची माणसं गल्लीत आली होती, त्यांनी बीपी पण बघितलं. पप्पांचं 176 बाय 104. त्यांनी विचारलं, "काका, काही टेन्शन?" पप्पा म्हणाले, "मला कसलं टेन्शन?"

ते खोटं बोलत नव्हते, हे आधी सांगते. त्यांना खरंच वाटत होतं की टेन्शन नाही. हे मला दोन वर्षांनी कळलं, जेव्हा माझा जबडा दुखायला लागला. सकाळी उठल्यावर कानापासून खालपर्यंत ठणका. दाताच्या डॉक्टरांनी तोंडात बघितलं आणि म्हणाले, "झोपेत दात खाताय तुम्ही. काही टेन्शन आहे का?" मी म्हणाले, "नाही हो." बाहेर पडून रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की जुलै चालू आहे, माझा ऑन-कॉलचा आठवडा आहे, आणि फोनमध्ये सांगलीच्या पाणीपातळीचे चार ग्रुप आहेत. टेन्शन कुठं असतं हे माझ्या जबड्याला माहीत होतं. मला नव्हतं.

आता जरा शरीरात जाऊ. ह्यासाठी पुस्तक नको, मराठी पुरे आहे. पोटात गोळा आला. घशाला कोरड पडली. हातपाय गार पडले. अंगावर काटा आला. छातीत धडधडलं. ह्या म्हणायच्या गोष्टी नाहीत, ही जवळजवळ शब्दशः शरीरात घडणारी यादी आहे. मेंदूला धोका जाणवला की मज्जातंतूंवाटे किडनीच्या वर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना निरोप जातो आणि काही सेकंदांत रक्तात ॲड्रिनलिन येतं. हृदय जोरात पळतं. पचनाचं काम थांबवून रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडं वळतं, म्हणून पोटात गोळा. लाळ कमी होते, म्हणून कोरड. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून बोटं गार. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. सगळी तयारी पळायची किंवा भिडायची.

त्याच्या मागोमाग, काही मिनिटांत, दुसरं रसायन चढतं, कॉर्टिसॉल. ॲड्रिनलिन ठिणगी असेल तर कॉर्टिसॉल चुलीतलं लाकूड. जास्त वेळ तग धरायला इंधन पुरवतं. आणि ह्यात एक गोष्ट आहे जी बघून माझ्यातली इंजिनीअर खूश झाली. रक्तातलं कॉर्टिसॉल वाढलं की ते मेंदूलाच जाऊन सांगतं, आता पुरे, ऑर्डर थांबव. घरातल्या पाण्याच्या टाकीला फ्लोट असतो ना, भरली की नळ बंद? तसंच. म्हणजे ही यंत्रणा बिघाड नाही. चढायचं आणि उतरायचं, दोन्हीची सोय करून दिलेली आहे. पुरात आई-पप्पांनी तीन तासांत अख्खं घर वरच्या मजल्यावर नेलं, ते ह्याच यंत्रणेच्या जोरावर. एरवी पप्पांना सिलिंडर जिन्यानं नेता येत नाही.

भानगड उतरण्यात आहे. उतरायला लागलं की फोन वाजतो. "36." परत चढलं. "कोयनेचे दरवाजे अजून उचलले." परत. मग दरवर्षी कुठून तरी फिरणारा तो फॉरवर्ड, धरणाला काहीतरी झालंय म्हणून. परत. टाकीचा नळ बंद होतच नाही. असं आठवडेच्या आठवडे चाललं की बीपी चढलेलं राहतं, झोप तुटते, पोट बिघडतं, साधे निरोप विसरायला होतात, घरातल्यांवर खेकसायला होतं. साठत जाणाऱ्या ह्या झिजेला ब्रूस मॅकइवेन ह्या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1993 मध्ये एक नाव दिलं, अलोस्टॅटिक लोड. नाव विसरलात तरी चालेल. रोज थोडी ओव्हरलोड चालवलेली ट्रॉली डोळ्यासमोर आणा. ती एका दिवसात मोडत नाही.

इथं एक ठेच सांगते, कारण मीही खाल्ली. "टेन्शननं अल्सर होतो" असं आपण सर्रास म्हणतो. पोटाच्या अल्सरचं एक मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आहे. ते शोधल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन ह्यांना 2005 चं नोबेल मिळालं. त्याचा इलाज गोळ्यांनी होतो. तेव्हा दुखतंय ते सगळं टेन्शनच्या खात्यावर टाकू नका. विशेषतः छातीत दुखलं, तर आधी हृदय बघायचं. टेन्शनचा विचार नंतर.

आता "टेन्शन घेऊ नको" ह्या वाक्याकडं येते. मला ह्या वाक्याचा राग आहे. ते बोलणारा मोकळा होतो आणि ऐकणाऱ्याला आणखी एक काम लागतं. मघाशी सांगितलेलं कुठलंच आपण "घेत" नाही. ग्रंथीला "थांब" म्हणून ती थांबत नाही. मग हाताशी काय उरतं?

ह्याचं निम्मं उत्तर मला एका जुन्या प्रयोगात सापडलं आणि निम्मं आजीच्या दारात.

प्रयोग आधी. 1970 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जे वाइस ह्या शास्त्रज्ञानं उंदरांना शेपटीला विजेचे हलके झटके दिले. क्रूर आहे, पण ऐका. झटके सगळ्यांना सारखेच. फरक एवढाच की काही उंदरांना झटक्याच्या आधी आवाज ऐकू यायचा, काहींना आगाऊ काहीच कळायचं नाही. सूचना मिळणाऱ्या उंदरांच्या पोटात जखमा बऱ्याच कमी झाल्या. ज्यांना स्वतः काही हालचाल करून झटका थांबवता यायचा, तेही तुलनेनं बरे राहिले. म्हणजे संकट तेवढंच असलं, तरी ते कधी येणार हे ठाऊक असणं आणि आपल्या हातात काहीतरी असणं, ह्या दोन गोष्टींनी शरीराला पडणारी किंमत बदलते.

आता आजी. सांगलीत येणारं बरंचसं पाणी जिकडून येतं, तिकडंच माझं आजोळ. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कोयना धरणातून पाटणला येते, कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि मग खाली आमच्याकडं. आजोळ सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगरचा भूकंप झाला तेव्हा आजी एकोणीस वर्षांची, नवी सून. जवळपास 180 माणसं गेली. आजीच्या घराची मागची भिंत पडली. दाराची कडी आतून अडकली होती, ती निघेना. किती वेळ निघेना? "लई वेळ," आजी म्हणते. कदाचित अर्धा मिनिट असेल.

तेव्हापासून आजी रात्री दाराला कडी घालत नाही. पन्नासहून जास्त वर्षं झाली. दार नुसतं लोटून, त्याला आतून पाटा टेकवून ठेवते. कोयनेच्या त्या पट्ट्यात बारीक धक्के अजूनही बसतात. भांडी खणखणली की आजी उठते, पाटा सरकवते, अंगणात जाऊन उभी राहते, थोड्या वेळानं येऊन झोपते. आणि पाच मिनिटांत घोरायला लागते! मी बघितलंय. मामा चेष्टा करतो, चोर येतील म्हणून. आजी म्हणते, "येऊंदेत की. काय हाय न्यायला?"

लहानपणी मला वाटायचं की आजी घाबरट आहे. आता वाटतं की आमच्या सगळ्या घरात ह्या बाबतीत तीच हुशार. तिनं धोका नाकारला नाही. रोज रात्री उशाशी पण घेतला नाही. एक गोष्ट आपल्या हातातली निवडली, कडी, ती कायमची करून टाकली आणि बाकीचं सोडून दिलं. पप्पांकडं तशी कडीच नव्हती. टॉर्च होता, पण टॉर्च टाकून करायचं काय हे ठरलेलं नव्हतं. नुसतं बघणं.

ऑफिसमध्ये आम्ही असं कुणाला करू देत नाही. सर्व्हर बंद पडण्याची भीती आम्हालाही असते. पण एकच माणूस वर्षभर रात्री जागा राहत नाही. आठवड्याआड पाळी बदलते, पाळी संपताना हँडओव्हर होतो, आणि रनबुक असतं, म्हणजे अमुक आकडा दिसला तर तमुक करायचं, असं शांत डोक्यानं आधी लिहून ठेवलेलं. कारण पहाटे तीनला कुणाचंच डोकं नीट चालत नाही. मग मला प्रश्न पडला, हे कंपनीच्या सर्व्हरसाठी करतो, पप्पांसाठी का नाही?

उन्हाळ्यात, नदीत पोरं पोहत असताना, आम्ही तिघं बसलो आणि वहीच्या पानावर लिहिलं. 30 फूट, दुकानातल्या खालच्या दोन फळ्या रिकाम्या करायच्या. 35, कागदपत्रं, दागिने आणि औषधं एका पिशवीत, गाडी उंचावर नेऊन लावायची. 38, सिलिंडर वर, खालचा मेन स्विच बंद. 40, कुलूप लावून विश्रामबागला मावशीकडं. पप्पांचं म्हणणं, 40 ला आपल्या गल्लीत काहीच नसतं, लोक हसतील. आई म्हणाली, "हसूंदेत." ते पान कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. (हे आकडे आमच्या घराचे आहेत हं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरसारख्या सखल भागात पाणी फार आधी येतं. तिथं राहत असाल तर तुमचं पान वेगळं.)

दुसरं, आकडा दिवसातून तीनदाच बघायचा. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. बाकी ग्रुप म्यूट. एखादाच खात्रीचा स्रोत ठेवायचा, प्रशासनाचा. फॉरवर्ड वाचायचा नाही.

तिसरं सगळ्यात अवघड गेलं. रात्रीची पाळी माझी. मी पुण्यातून अकराला आणि चारला बघणार, ठरलेला आकडा ओलांडला तरच फोन करणार. फोन आला नाही म्हणजे झोपा. पप्पांना हे पटायला एक अख्खा पावसाळा गेला. पहिल्या रात्री ते स्वतःच चारला फोन करून म्हणाले, "बघितलंस का?"

आता लगेच करता येईल अशी एक गोष्ट. गाडी चालवत असाल तर नको, बसला असाल तर करा. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी उजव्या हाताची दोन बोटं ठेवा, नाडी लागेल. नाकानं मनातल्या मनात चार मोजत श्वास आत घ्या. सहा मोजत हळू सोडा. पुन्हा. नीट लक्ष दिलंत तर बऱ्याच जणांना जाणवेल, आत घेताना नाडी किंचित पळते, सोडताना किंचित रेंगाळते. मेंदूतून निघून हृदयाकडं जाणारी व्हेगस नावाची नस आहे, ती श्वास सोडताना हृदयाला जरा ब्रेक लावते. म्हणून सोडायचा श्वास लांबवला की शरीराला आतून निरोप जातो. ग्रंथीला हुकूम देता येत नाही, पण श्वास हा त्या यंत्रणेचा एकच दांडा आहे जो आपल्या हातात दिलाय. "जरा दम खा" म्हणतात ते उगाच नाही. पाच मिनिटं करा. चक्कर आली तर थांबा.

आणि चाला. साताऱ्यात असाल तर अजिंक्यतारा आहेच, यवतेश्वरचा घाट आहे. आम्हा सांगलीकरांना चढ नाही, कृष्णेचा घाट आहे. शरीरानं पळायची तयारी केलेली असते, साखर रक्तात आणून ठेवलेली असते. ती खुर्चीत बसून खर्च होत नाही. मी ऑन-कॉल संपला की लॅपटॉप मिटते आणि अर्धा तास चालते, पाऊस असला तरी. चहा संध्याकाळी पाचनंतर बंद केला. हे जमलेलं नाही, खरं सांगते, आठवड्यातून दोनदा मोडते.

पप्पांची बीपीची गोळी चालू आहे. ती श्वासानं सुटली नाही आणि आम्ही सोडवायचा प्रयत्नही केला नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तुम्हीही करू नका. झोप दोन-तीन आठवडे लागत नसेल, पूर किंवा अपघात पुन्हा पुन्हा डोळ्यासमोर येत असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर वाट बघू नका. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. मी स्वतः एकदा लावलाय. काय बोलायचं ठरलं नव्हतं, तर पलीकडच्या बाईच म्हणाल्या, "सावकाश सांगा."

पप्पा अजून रात्री उठतात. रोज नाही. उठले की कपाट उघडून ते पान वाचतात, टॉर्च तिथंच ठेवतात आणि परत येऊन पडतात, असं आई सांगते. गेल्या पावसाळ्यात पाणी तिशीत गेलं तेव्हा रात्री नऊला त्यांचा फोन आला.

"आठचा आकडा बघितला. फळ्या रिकाम्या केल्यात. आता तुझी पाळी."

"हो पप्पा."

"जेवलीस का?"

"जेवते आता."

"जेव आधी," म्हणाले आणि ठेवून दिला.

पुढच्या भागात झोपेवर बोलू. तुमच्या घरात अशी न घातलेली कडी असेल तर व्हॉइस नोट पाठवा, मला ऐकायचंय. चला, भेटू.